लॉन, हरळी आणि बाटलीतलं औषध

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी गुडघ्यांनी दगा दिला होता, आणि त्याआधी गेल्या वर्षीचा जून-जुलै लातूरला मुलाकडे गेला. तिथे जे घडलं ते लिहू की नको असं करत वर्ष उलटलं. नात्यातल्या काही जणांनी ते फोनवर अर्धंमुर्धं ऐकलं आहे. "आईनं माळ्याला हाकलून दिलं" एवढंच बहुतेकांच्या कानावर आलंय. ते तितकंसं खरं नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मुलाने औसा रोडच्या बाजूला नवीन घर बांधलं. घर आटोपशीर आहे, पुढे मात्र चांगली मोकळी जागा सोडली आहे. साधारण दीड गुंठा. काही वर्षांपूर्वी तिथे शेत होतं. कुणी तरी त्याचे एन.ए. प्लॉट पाडले, रस्ते आखले, खांब रोवले, आणि मधली पाच-सात वर्षं जमीन तशीच पडून होती. पडीक जमिनीवर जे उगवतं ते सगळं तिथे उगवलं होतं. मी नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत एस.टी.ने (अर्ध्या तिकिटात बरं का!) पोचले तेव्हा मृगाचे दोन चांगले पाऊस होऊन गेले होते आणि अंगण हिरवंगार दिसत होतं. मला ते छान वाटलं. मुलगा म्हणाला, "आई, हे सगळं काढायचंय. लॉन करायचंय."

आपल्याकडे लॉन या शब्दाची मोठी गंमत झाली आहे. नांदेड काय, लातूर काय, गावाबाहेरच्या रस्त्याने निघालं की दर अर्ध्या किलोमीटरवर अमुक लॉन्स, तमुक लॉन्स अशा पाट्या. लॉन्स म्हणजे आता मंगल कार्यालय. आत गवत असेलच असं नाही, कित्येक ठिकाणी हिरवी सतरंजी अंथरलेली असते. पण तिथे लग्नं लागतात, फोटो निघतात, आणि मग आपल्या घरापुढेही तसंच एकसारखं हिरवं काही तरी असावं असं वाटायला लागतं. मुलाला तसं वाटलं, यात त्याची काही चूक नाही. सहा वर्षांच्या नातवाला खेळायला गवत हवं, हेही त्याचं म्हणणं होतं.

माळी आला. चाळिशीतला, कष्टाळू, बोलायला गोड. त्याने अंगणातून एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "आदी ह्ये समदं मारावं लागंल. औषध मारतो, पंदरा दिसात साफ. मग लाल माती टाकू, शेणखत टाकू, मेक्सिकन लॉन लावू. एकदम गालिचा!"

औषध मारतो. मी आयुष्यभर मराठी शिकवली, पण या दोन शब्दांकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. औषध हे बरं करण्यासाठी असतं, आणि आपण ते 'मारतो'. कीटकनाशक असो की तणनाशक, आपल्या गावात सगळ्याला औषधच म्हणतात. आणि मराठवाड्यात "अमक्यानं औषध घेतलं" असं कुणी दबक्या आवाजात सांगितलं, तर ऐकणारा "कोणत्या आजाराचं?" असं विचारत नाही. त्याला कळलेलं असतं. माझ्या वर्गात बसलेल्या दोन मुलांबद्दल मी हे वाक्य ऐकलं आहे. असो.

दोन दिवसांनी सकाळी अकराच्या सुमाराला तो पाठीवरचा पंप घेऊन आला. वारा चांगलाच सुटला होता. पायात काही नाही, तोंडाला टॉवेल. हातात पिण्याच्या पाण्याची एक लिटरची बाटली, तिच्यात अर्ध्याच्या वर पिवळसर, काकवीच्या पाण्यासारखं काही तरी. सूनबाईने न्हाणीतली बादली आणि मग काढून दिला. त्याने बाटलीच्या झाकणाने चार-पाच झाकणं अंदाजाने ओतली आणि कोपरापर्यंत हात घालून पाणी ढवळलं.

मी ओसरीवर बसले होते. विचारलं, "कोणतं औषध आहे हे?"

"तणनाशक हाय, बाई."

"हो, पण नाव काय त्याचं? डबा कुठाय?"

"डबा न्हाई. शेजाऱ्यानं शेतात मारलं व्हतं, त्यातलं उरल्यालं हाय. भारी हाय, काळजी करू नका."

मी चौतीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलं. माझी अशी समजूत की माणसाला वाचता आलं की निम्मी संकटं टळतात. आणि इथे वाचायला काही शिल्लकच नव्हतं. बाटलीवर जे लेबल होतं ते पिण्याच्या पाण्याच्या कंपनीचं!

मी त्याला थांबायला सांगितलं, हाकललं नाही. चहा दिला, दिवसाची मजुरी द्यायला लावली. तोवर त्याने पूर्वेकडची एक पट्टी मारून टाकली होती. जाताना त्याने नळाखाली पंप धुतला, बादली विसळली आणि न्हाणीत जागच्या जागी ठेवून दिली. संध्याकाळी मी हातपाय धुवायला गेले तर मगात पाणी घेतल्याबरोबर साबणासारखा फेस आला. मग साबणाचा नव्हता, मगाशी औषधात बुडवलेला होता. त्याच मगाने नातू रोज सकाळी अंघोळ करतो, चूळ भरतो.

काही झालं नाही. कुणी आजारी पडलं नाही, हे आधीच सांगते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. बादली आणि मग मी बाहेर काढून फोडून टाकले. मुलगा वैतागला, "आई, तू फार करतेस. जगभर वापरतात हे." त्यावरून आमचं तीन-चार दिवस बोलणं चाललं. बोलणं कसलं, वादच. पण त्या वादात मला बरंच वाचावं लागलं आणि मुलाच्या काही गोष्टी मान्यही कराव्या लागल्या. त्या आधी मांडते.

हे बहुतेक ग्लायफोसेट असावं असं मुलगा म्हणाला. मोन्सँटो कंपनीने ते १९७४ साली 'राऊंडअप' या नावाने बाजारात आणलं. हिरव्या पानांतून ते आत शिरतं, पानांतून मुळांपर्यंत जातं आणि वनस्पतीची वाढीला लागणारी द्रव्यं तयार करण्याची एक साखळीच तोडतं. ही साखळी माणसात किंवा जनावरात नसते, म्हणून ते झाडाला मारक आणि आपल्याला त्या मानाने सौम्य, असं सांगितलं जातं. मातीत पडलं की मातीच्या कणांना चिकटून बसतं, म्हणून पंधरा-वीस दिवसांनी त्याच जागी नवीन गवत लावता येतं. लॉनवाल्यांना ते आवडतं ते यासाठी.

कर्करोगाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. मी हे वाचून दाखवलं तर मुलगा म्हणाला, त्याच वर्षी त्याच गटात तांबडं मांसही टाकलंय. हे खरं आहे. तो गट पुरावा किती आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं मत उलट आहे, आणि युरोपीय महासंघाने २०२३ मध्ये त्याला आणखी दहा वर्षं परवानगी दिली. म्हणजे जाणत्यांचंच एकमत नाही, तिथे मी बी.ए. मराठी बाई काय निर्णय देणार?

पण त्या वाचनात एक माणूस भेटला, तो काही डोक्यातून जात नाही. ड्वेन जॉन्सन हा कॅलिफोर्नियातल्या शाळांची मैदानं सांभाळणारा कर्मचारी. शाळेच्या आवारातलं तण मारणं हे त्याचं काम. त्याला रक्तातल्या लसिका पेशींचा कर्करोग झाला, त्याने कंपनीवर दावा लावला, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ज्यूरीने २८ कोटी ९० लाख डॉलरची भरपाई द्यायला सांगितलं. पुढे न्यायालयांनी ती रक्कम खूपच कमी केली, पण निकाल त्याच्या बाजूने राहिला. तोवर मोन्सँटो कंपनी बायरने विकत घेतली होती. २०२१ मध्ये बायरने जाहीर केलं की अमेरिकेत घरच्या अंगणासाठी विकल्या जाणाऱ्या तणनाशकातून २०२३ पासून ग्लायफोसेट काढून टाकू. धोका आहे म्हणून नव्हे, तर खटले टाळायला, असं कंपनीने स्पष्ट म्हटलं. शेतीसाठीची विक्री चालूच राहिली. कारण काहीही असो, अंगण वेगळं आणि शेत वेगळं, हा भेद खुद्द कंपनीनेही केला.

मला जे म्हणायचंय ते नेमकं इथेच आहे.

माझ्या भावाची लोहा तालुक्यात शेती आहे. सोयाबीन, थोडा कापूस. तो तणनाशक मारतो. मी त्याला एका शब्दाने बोलत नाही. ज्या आठवड्यात पाऊस उघडतो त्याच आठवड्यात सगळ्या गावाला खुरपायला बायका हव्या असतात, त्या मिळत नाहीत, आणि मिळाल्या तर परवडत नाहीत. तण वाढलं की पीक गेलं, पीक गेलं की वर्ष गेलं. त्याच्या हातातला पंप हा नाइलाज आहे. वातानुकूलित खोलीत बसून त्याला उपदेश करणाऱ्यांची मला चीड येते.

तरी त्या नाइलाजाची किंमत तोही मोजतो. एका वर्षी पंप नीट न धुता त्याच पंपाने कापसावर किडीचं औषध मारलं. आधी पंपात होतं टू-फोर-डी. आठ दिवसांत कापसाची पानं आवळून भेंडीच्या पानासारखी झाली. कापसाला ते एवढंसं लागलं तरी सोसत नाही. आणि २०१७ चं यवतमाळ तर आपण सगळ्यांनी पेपरात वाचलंच. कापसावर किडीची औषधं फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. ती तणनाशकं नव्हती, कीटकनाशकं होती, पण फवारणारा माणूस तोच. अनवाणी, तोंडाला टॉवेल, अंगाला भिजलेला शर्ट.

आणि सुट्या बाटलीतलं औषध ग्लायफोसेटच आहे हे आपल्याला कोण सांगणार? आपल्या बाजारात पॅराक्वाट नावाचंही तणनाशक विकलं जातं. हिरवं पान दोन दिवसांत करपून टाकतं, म्हणून लोकांना आवडतं. ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, फुप्फुसं निकामी होत जातात. आमच्या अंगणात आलेली बाटली पिवळसर होती म्हणून ती पॅराक्वाट नसावी, हा झाला अंदाज. नातवाच्या मगाबाबतीत मला अंदाज चालत नाहीत.

कायदा काय म्हणतो? १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे, तणनाशकंही त्यातच येतात. डब्यावर रंगाचा चौकोन असावा लागतो, त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग: लाल, पिवळा, निळा, हिरवा, असा उतरत्या विषाचा क्रम. लाल म्हणजे अति जहाल, हे लोकांना कळतं. पण हिरवा म्हणजे निर्धोक असं समजणारे खूप भेटले मला. हिरवा म्हणजे विषांमधलं त्यातल्या त्यात कमी विष, एवढाच अर्थ. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर केंद्र सरकारने अधिसूचना काढून ग्लायफोसेटची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रण चालकांनीच करावी असं म्हटलं होतं. त्यावरून बराच गदारोळ झाला, कंपन्या न्यायालयात गेल्या. ते राहू द्या. हे काम शिकलेल्या माणसाच्याच हातात असावं असं सरकारला एकदा तरी वाटलं, एवढं मला पुरे आहे. आमच्या अंगणात आलेल्या माणसाला ना कुणी शिकवलं होतं, ना मोजे दिले होते, ना डबा दाखवला होता.

शेतकरी पोटासाठी जे जोखमीचं काम करतो, ते आपण शोभेसाठी दुसऱ्याच्या पाठीवर लादायचं का, हा माझा प्रश्न आहे. मुलाने स्वतः पंप उचलला असता, बूट-मोजे घालून, लेबल वाचून, वारा नसताना फवारलं असतं, तर मी कदाचित इतकी अडून बसले नसते. त्याला हे सांगितलं तर तो गप्प बसला. कारण स्वतः फवारायची कल्पना त्याच्या मनात आलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातवाला घेऊन अंगणात उतरले. म्हटलं, मारायचं आहे ते आहे तरी काय, ते आधी पाहू. नातवाच्या वहीत आम्ही यादी केली. घोळ. तांदुळजा. केना. आघाडा. तरोटा. कोपऱ्यात गाजर गवत. भिंतीकडे लव्हाळा. आणि निम्म्याहून अधिक अंगणात दाट पसरलेली हरळी.

यातल्या घोळ आणि तांदुळजाची आम्ही त्याच दिवशी भाजी केली (अर्थात फवारलेल्या पट्टीपासून लांबची, पश्चिमेच्या भिंतीकडची). १९७२ साली मी बी.ए. झाले. तेच दुष्काळाचं वर्ष. त्या वर्षी सुकडी आणि मिलो खाऊन माणसं जगली, आणि पाऊस पडल्यावर पहिल्यांदा जे हिरवं ताटात आलं ते हेच. तरोट्याची कोवळी पानं आईने शिजवलेली मला आठवतात. गाजर गवत मात्र खरंच वाईट. अंगाला खाज, सर्दी, दमा. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं सांगतात. ते आम्ही फुलं यायच्या आत, हातात पिशव्या घालून, मुळासकट उपटलं. दीड गुंठ्यात तीसेक झाडं निघाली असतील. त्याला फवारा कशाला?

आता हरळी. शेतकरी तिला शिव्या देतो, कारण तिच्या काशा जमिनीत खोल जातात आणि एक तुकडा राहिला तरी पुन्हा फुटते. पण हरळी म्हणजेच दूर्वा! जगभर 'बर्म्युडा ग्रास' म्हणून क्रिकेटच्या आणि फुटबॉलच्या मैदानांवर जे गवत लावतात ते हेच. तुडवलं तरी मरत नाही, कापलं की दाट होतं, उन्हाळ्यात पिवळं पडतं आणि पहिल्या पावसाला परत हिरवं होतं. म्हणजे आमच्या अंगणात लॉन उगवलेलंच होतं. ते विष घालून मारायचं, मग ट्रॉलीभर लाल माती आणायची, बाहेरचं गवत विकत आणून लावायचं, आणि भाद्रपदात गणपती आले की एकवीस दूर्वांची जुडी गंजगोलाईतून विकत आणायची. मी मुलाला हे म्हटलं तेव्हा पहिल्यांदा तो हसला.

आणि पाणी? लातूरकरांना मी पाण्याबद्दल काय सांगावं! १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरायच्या जागांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले, कारण मैदानांच्या गवताला पाणी घालायचं की माणसांना, हा प्रश्न होता. तेव्हा मुलगा भाड्याच्या घरात राहत होता, सूनबाई भांडी धुतलेलं पाणी संडासात वापरायची. ते दिवस या घराने पाहिलेत. रोज पाणी मागणारा गालिचा त्याच घरापुढे अंथरायचा, आणि त्यासाठी पाण्यावाचून टिकणारी हरळी मारायची, हे मला पटेना.

शेवटी काय केलं ते सांगते, कारण नुसता विरोध करणं सोपं असतं.

चार बायका दोन दिवस लावल्या. रोज साडेतीनशे. २८०० रुपये झाले. माळ्याने औषधासकट १८०० सांगितले होते. हजार रुपये जास्त गेले, पण ते चार घरांत गेले. त्यांनी खुरप्याने हरळी सोडून बाकी सगळं काढलं. उंचसखल जागा सारखी केली. मोकळ्या राहिलेल्या जागेत आम्ही लगेच काही लावलं नाही. शेतकरी करतो तेच केलं. पावसावर तण उगवू दिलं, बारा-पंधरा दिवसांनी वरच्यावर खुरपून टाकलं, परत उगवलं, परत खुरपलं. दुसऱ्या वेळी निम्मंच उगवलं. मग तिथे आमच्याच हरळीचे तुकडे वीत-वीत अंतरावर टोचले. माळी तोच बोलावला. या कामात तो फार तरबेज निघाला. लाल माती आणली नाही. बाहेरच्या मातीतून आणि कच्च्या शेणखतातून लव्हाळ्याच्या गाठी आणि तणाचं बी घरात येतं, हे त्यानेच कबूल केलं.

ज्यांना पावसाळ्याआधी वेळ आहे त्यांच्यासाठी आणखी सोपा उपाय आहे. आपल्याकडे मे महिन्यासारखं तणनाशक दुसरं नाही! एप्रिलमध्ये जमीन खणून उलथून टाकायची, काशा वेचायच्या, नंतर जमीन ओली करून पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरायचं (काळं नको, पारदर्शकच), कडा मातीत दाबून चार ते सहा आठवडे ठेवायचं. आतली वरची माती इतकी तापते की बहुतेक बी मरून जातं. उलट मे महिन्यात ग्लायफोसेट मारणं म्हणजे पैसे पाण्यात. ते हिरव्या, वाढत्या पानातूनच आत जातं, सुकलेल्या, धुळीने माखलेल्या गवताला काही करत नाही.

माळ्याने फवारलेल्या त्या पूर्वेकडच्या पट्टीचं काय झालं? दहा-बारा दिवसांत ती पिवळी पडली, हरळी मेली. औषधाने आपलं काम केलं, नाही म्हणत नाही. पण ते मातीतल्या बियांना मारत नाही. महिनाभरात तिथे सगळ्यात आधी लव्हाळा वर आला, त्याच्या मागोमाग घोळ, केना आणि गाजर गवत. हरळी गेल्यामुळे त्यांना मैदान मोकळंच मिळालं. ती पट्टी शेवटी आम्हाला तीन वेळा खुरपावी लागली.

लव्हाळ्याबद्दल मात्र मला हार मानावी लागेल. खुरपून तो जात नाही, उन्हाने नीट मरत नाही, फवारून पान जळतं पण खाली गाठी शिल्लक राहतात. भिंतीकडच्या कोपऱ्यात तो अजून आहे. तुकाराम महाराजांनी नम्रतेचा दाखला द्यायला लव्हाळ्याचं नाव उगाच घेतलेलं नाही. मुलगा दर रविवारी खुरपं घेऊन बसतो आणि गाठीसकट जेवढा निघेल तेवढा काढतो. नातू गाठी मोजतो. गेल्या रविवारी त्रेचाळीस निघाल्या असं फोनवर सांगत होता.

गालिचा काही झाला नाही. मार्चपासून अंगण पिवळं पडलं होतं आणि पाहुणे "लॉन वाळलं वाटतं" असं म्हणून गेले. सूनबाईला ते लागलं, हे मला कळतं. यंदा मृगाच्या पावसाला परत हिरवं झालं. नातू अनवाणी खेळतो. त्या गवतावर काय मारलंय हे मला कुणाला विचारावं लागत नाही.

मुलगा अजून म्हणतो की मी एका मगावरून एवढं रामायण केलं. असेलही. पण तुमच्याकडे कुणी बाटलीतून औषध घेऊन आलं, तर निदान एवढं करा: डबा मागा. लेबल स्वतः वाचा. फवारणाऱ्याच्या पायाकडे आणि हाताकडे बघा. घरातली बादली देऊ नका. आणि त्याआधी एकदा खाली वाकून बघा की आपण मारतोय ते नक्की काय आहे.

तुमच्या अंगणात काय उगवतं, आणि लव्हाळ्यावर कुणाकडे काही हमखास उपाय आहे का, जरूर कळवा. मुलगा वाट पाहतोय.